पल्सर १५० ओढत नाही, मेकॅनिक बोअर करा म्हणतोय: आधी हे तपासा

आधी प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. २०१२ ची पल्सर १५०, रनिंग ६८ हजार. तुम्ही वाईला राहता आणि रोज पाचगणीला कामाला जाता. पसरणी घाट आधी तिसऱ्या गिअरवर आरामात चढायची, आता दुसरा टाकावा लागतो आणि सपाटीला ७५ च्या पुढे आकडा सरकत नाही. मायलेज ४५ चं ३५ झालंय. हे सगळं सात-आठ महिन्यांत हळूहळू झालं. प्लग नवीन टाकले, एअर फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर साफ करून घेतला, काही फरक नाही. धूर मारत नाही. आता मेकॅनिक म्हणतोय इंजिन बसलंय, म्हणजे आतून झिजलंय, बोअर करू, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठं करून नवा पिस्टन टाकू, नऊ हजार लागतील. तर बोअर करायचा का गाडी विकायची.

माझं म्हणणं, आत्ता दोन्ही नको. बोअरच करावा लागणार नाही असं मी म्हणत नाहीये, ६८ हजार हे काही कमी रनिंग नाही, आणि गाडी न बघता छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. पण तुमच्या सगळ्या वर्णनात इंजिन बसल्याचा पुरावा मला एकही दिसला नाही. उलट तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, "आवाज खूप करते पण पळत नाही", मला तिथेच शंका आली.

गाडी ओढत नाही म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि गॅरेजला बऱ्याचदा तिन्हीला एकच नाव असतं, पिकअप गेला. एक, इंजिनात ताकद तयारच होत नाही. दोन, तयार होते पण चाकापर्यंत पोचत नाही. तीन, चाकापर्यंत पोचते पण तिथे कोणीतरी ती खातंय. तुमचा आतापर्यंतचा खर्च सगळा पहिल्या गोष्टीवर झालाय आणि दुसरी-तिसरी कुणी बघितल्याचं तुमच्या लिहिण्यात कुठे नाही. माझ्याकडे ओढत नाही म्हणून गाडी आली की मी पाना हातात घ्यायच्या आधी एक चक्कर मारून येतो, आणि अर्धं काम त्या चकरेतच होतं.

ही चक्कर तुम्हीपण मारू शकता, तुमच्या गाडीला आरपीएमचा काटा आहे ना, त्याचा उपयोग करा. क्लच नीट पकडत असेल तर एका गिअरमध्ये आरपीएम आणि स्पीड एकमेकांना बांधलेले असतात, त्यात मधे काही लबाडी चालत नाही. समजा पाचव्या गिअरला ५ हजारवर ६० दिसतोय, तर ६ हजारवर ७२ दिसलाच पाहिजे, चढ असो उतार असो, मागे कुणी बसलेलं असो नसो. रिकामा सरळ रस्ता बघा, इंजिन चांगलं गरम होऊ दे, पाचव्यात ४०-५० ला हळू धरून आकडा बघून ठेवा. मग थोड्या चढाला तोच गिअर ठेवून थ्रॉटल एकदम पूर्ण पिळा. काटा आणि स्पीड दोघं सोबत हळूहळू वाढले तर क्लच ठीक आहे, इंजिन अशक्त आहे किंवा गाडी कुठेतरी अडकतेय. पण काटा हजार-दीड हजार वर उडाला आणि स्पीड तिथेच राहिला किंवा मागून रेंगाळत आला तर क्लच स्लिप होतोय, तुमचा बोअर, पिस्टन, कार्ब्युरेटर सगळं निर्दोष असू शकतं.

क्लच स्लिपमध्ये मायलेज पण पडतं, कारण पेट्रोल जळतं पण त्यातला काही भाग प्लेटा तापवण्यात जातो. शिवाय सुरुवातीला ते फक्त लोडवर कळतं, म्हणजे घाटात किंवा वरच्या गिअरला, गल्लीत गाडी मस्त चालते. तुमची लक्षणं याला बऱ्यापैकी जुळतात. आणि ६८ हजारात क्लच प्लेट कधी बदलल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही.

स्लिप निघालाच तर लगेच प्लेटा मागवू नका. आधी लिव्हर बघा, मुळाशी दोन-तीन मिलिमीटर तरी ढिला पाहिजे, केबल टाइट करून ठेवली असेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेलाच राहतो आणि चांगल्या प्लेटापण जळतात. मग ऑइल. ह्या गाड्यांचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचा दर्जा, JASO MA/MA2) लिहिलेलं बाइकचंच ऑइल पाहिजे. घरात कारचं उरलेलं ऑइल आहे, चांगल्या कंपनीचं आहे, वाया कशाला घालवा म्हणून लोक ओततात, त्यातल्या बऱ्याच ऑइलला घर्षण कमी करायची औषधं घातलेली असतात आणि क्लच चालतोच मुळी घर्षणावर. केबल आणि ऑइल दोन्ही बरोबर असूनही स्लिप होत असेल तर मग प्लेटा आणि स्प्रिंगा. साइड कव्हर उघडल्यावर स्टीलच्या प्लेटा निळ्या पडल्यात का ते स्वतः डोळ्यांनी बघा, प्लेटा बदलताना स्प्रिंगा जुन्याच ठेवू देऊ नका. हे काम बोअरच्या मानाने बरंच स्वस्त आहे आणि इंजिनचं हेड उघडावं लागत नाही.

आता तिसरी गोष्ट, चाकाला कोण धरतंय. यात फार काही शास्त्र नाही. गाडी मेन स्टँडला लावा, न्यूट्रल करा, मागचं चाक हाताने फिरवा, दोन-तीन फेरे तरी मोकळं फिरलं पाहिजे. मागच्या ड्रम ब्रेकचा कॅम ग्रीस नसल्याने जाम होतो आणि पाय उचलला तरी लायनर चिकटून राहतात. पुढे डिस्कचा पिस्टन मातीने अडकतो. दहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता या आणि डिस्कवर पाण्याचे थेंब टाका, चर्र झालं तर ब्रेक धरतोय, बोट लावून बघू नका. चेन फार टाइट नको, खालून वर-खाली अडीच-तीन सेंटिमीटर हलली पाहिजे, आणि चाक फिरवत चार ठिकाणी बघा कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. हवा पुढे २५, मागे २८, डबल सीट असाल तर मागे ३२. हे वाचून हसू येईल, पण तीन-चार किरकोळ गोष्टी एकत्र आल्या की छोट्या इंजिनला त्या जाणवतात.

अजून एक, मधल्या काळात चेनसेट बदललाय का. बदलला असेल तर जुन्या आणि नव्या स्प्रॉकेटचे दात मोजून बघा. दुकानात जे मिळालं ते बसवलं आणि मागचं दोन-तीन दातांनी लहान आलं तर गाडी घाटात मरगळलेलीच वाटणार, इंजिन कितीही चांगलं असू दे.

घाटाचं पण सांगतो, कारण कुणीतरी म्हणणारच की वर हवा विरळ असते. असते की. वाई साधारण सातशे मीटरवर, पाचगणी तेराशेच्या आसपास, म्हणजे वर पोचेपर्यंत हवेत सहा-सात टक्के फरक पडतो आणि इंजिनची ताकद जवळपास त्याच प्रमाणात कमी होते. पण हीच गाडी हाच घाट आधी तिसऱ्यात चढत होती, घाट काय उंच झालेला नाही. तसंच पेट्रोलमधल्या इथेनॉलचं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय, इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणजे हिशोबाने सहा-सात टक्के मायलेज त्यात जाऊ शकतं, तुमची गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेलीही नाही. तरी ४५ चं ३५ म्हणजे २२ टक्के झाले, एवढा खड्डा एकट्या इथेनॉलने पडत नाही. इथेनॉलचा त्रास जुन्या गाडीला वेगळ्या वाटेने होतो, ते पाणी ओढतं, टाकीत गंज धरतो, जुने रबर फुगतात, आणि रबरावरून मला पुढे बोलायचंच आहे.

इथपर्यंत क्लच पण ठीक, चाकं पण मोकळी निघाली तर मग इंजिन. आता इथे मेकॅनिकला विचारण्यासारखा प्रश्न असा की थ्रॉटल किती पिळल्यावर ताकद मरते. किती स्पीडला, हा प्रश्नच नको, किती पिळल्यावर ते सांगा. ग्रिपवर आणि शेजारी टेपचा तुकडा लावून पाव, अर्धा, पूर्ण अशा खुणा करा. पाव थ्रॉटलपर्यंतच अडखळत असेल तर पायलट जेटची बाजू बघायची (जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, पायलट लहान, मेन मोठं), मधे असेल तर स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणारा सरकता तुकडा, आणि त्याला लावलेली नीडल, आणि अर्ध्यापर्यंत छान पण पूर्ण पिळल्यावर गाडी दाबली जात असेल तर मेन जेट, पेट्रोलचा पुरवठा किंवा हवा.

पेट्रोलचा पुरवठा म्हणजे फक्त कार्ब्युरेटर नाही हो. टाकीच्या झाकणाला श्वासाचं बारीक भोक असतं, ते बुजलं की चार-पाच किलोमीटर छान जाते, मग टाकीत व्हॅक्यूम होऊन पेट्रोल उतरत नाही आणि गाडी मरायला लागते, थांबून झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो आणि परत छान. तुमच्याकडे चढाला लागल्या लागल्या त्रास आहे का वर जाता जाता वाढतो, हे लिहिलेलं नाही, ते बघा. कॉकची जाळी आणि नळीतला फिल्टर पण बघून घ्या. पाइप काढून बाटलीत पेट्रोल सोडून बघायचं असेल तर इंजिन गार झाल्यावर, उघड्या जागी, आणि शेजारी बिडी ओढणारा कुणी नको.

आता रबर. ह्या मॉडेलला व्हॅक्यूमवर चालणारा कार्ब्युरेटर असतो, म्हणजे तुम्ही थ्रॉटल पिळल्यावर केबल स्लाइडला थेट उचलत नाही, इंजिनच्या ओढीने एक पातळ रबरी डायफ्राम वर जातो आणि तो स्लाइडला उचलतो. ह्या डायफ्रामला टाचणीएवढं भोक असलं की न्यूट्रलमध्ये गाडी भन्नाट रेस होते, पण लोडवर स्लाइड पूर्ण उठतच नाही आणि एका ठराविक स्पीडला गाडी भिंतीला टेकल्यासारखी थांबते. तुमचं ७५ ला थांबणं यात बसू शकतं. आणि कार्ब्युरेटर साफ केला म्हणजे नक्की काय केलं? वरचं झाकण उघडून डायफ्राम न काढता आत क्लीनरचा स्प्रे मारला असेल तर तो रबर फुगतो, कडा खाचेत नीट बसत नाही, म्हणजे साफ करून आजार वाढला. झाकण उघडायला सांगा, डायफ्राम उजेडासमोर हलकासा ताणून बघा. बसवल्यावर स्लाइड बोटाने वर उचलून सोडली की खटकन पडायला नको, सावकाश खाली आली पाहिजे.

हवेच्या बाबतीत, फिल्टर नवीन टाकलाय हे चांगलं केलं, आपल्या भागात उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की फिल्टर पंधरवड्यात भरतो. पण फिल्टरच्या आधीचा डबा आणि त्याचं तोंड कुणी बघत नाही, तिथे उंदराने चिंध्या कोंबलेल्या मी काढल्यात. सायलेन्सरचं तोंड पण बघा, बरेच दिवस उभी राहिलेली गाडी असेल तर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते. तुमची रोज चालते, सोडून द्या.

स्पार्कला या गाडीत एक गंमत आहे. दोन प्लग असतात, दोन्ही बाजूंना एकेक, आणि त्यातला एक बंद पडला तरी गाडी चालू राहते. स्टार्ट होते, आयडल धरते, फक्त दम कमी आणि पेट्रोल जास्त, कारण आतलं मिश्रण दोन बाजूंनी पेटेल असं धरून टायमिंग ठरवलेलं असतं आणि ते एकाच बाजूने उशिरा जळतं. मालकाला वाटतं गाडी म्हातारी झाली. प्लग नवीन टाकले म्हणजे ही शंका फिटली असं नाही, कॉइल, वायर, कॅप यातलं काहीही गेलेलं असू शकतं. तपासायचं असं: इंजिन बंद करून एका बाजूची कॅप काढा, त्या कॅपमध्ये एक जादा प्लग खोचून तो इंजिनच्या धातूला नीट टेकवून ठेवा, कॅप तशीच हवेत लोंबत ठेवू नका, शॉक पण लागतो आणि सीडीआय, म्हणजे स्पार्क सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, तोपण जाऊ शकतो. मग स्टार्ट करा. मग तसंच दुसऱ्या बाजूचं. दोन्ही वेळा गाडी चालू राहायला पाहिजे. एका बाजूची कॅप काढल्यावर गाडी मेली तर उरलेली बाजू आधीपासूनच मेलेली होती. यात खर्च शून्य आहे.

एवढं करूनही सगळं ठीक निघालं तर मगच इंजिनचा दाब. इथे पण बोअरच्या आधी टॅपेट येतात, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातला बारीक गॅप. बऱ्याच गिऱ्हाइकांना टॅपेटचा टिकटिक आवाज सहन होत नाही, मग मेकॅनिक आवाज बंद होईपर्यंत ते टाइट करून देतो, गिऱ्हाईक खूश. पण इंजिन तापलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लांब होतो आणि गॅप नसेल तर तो सीटवर पूर्ण बसत नाही, दाब तिथून निसटतो, आणि असंच चालवत राहिलं तर व्हॉल्व्हची कड जळते. म्हणून थंड असताना बरी आणि गरम झाल्यावर मेलेली अशी गाडी आली की मी आधी टॅपेट बघतो. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी वर आणून, फीलर गेजने, मॅन्युअलमधल्या मापाला. कानाने नाही.

मग कॉम्प्रेशन गेज. एक प्लग काढून तिथे गेज, दुसरा प्लग जागेवर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चांगली चार्ज पाहिजे, काटा वाढायचा थांबेपर्यंत सेल्फ मारायचा. आकडा कमी आला म्हणून लगेच बोअर नाही. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा आणि परत मोजा. आकडा चांगला वर चढला तर ऑइलने पिस्टनभोवतीच्या रिंगांची गळती तात्पुरती बुजवली, म्हणजे रिंग-बोअरची बाजू. आकडा जवळपास तोच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केट. ज्याच्याकडे कॉम्प्रेसर आहे तो पिस्टन वर आणून दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून हवा भरूनही सांगू शकतो, सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट, ऑइल भरायच्या झाकणातून आली तर रिंगा. गिअर टाकून चाक धरून ठेवायचं मात्र, नाहीतर इंजिन फिरतं.

तुमच्या बाबतीत मला बोअरवर विश्वास का बसत नाही ते इथे येतं. रिंगा आणि बोअर एवढे गेले असतील की टॉप स्पीड ७५ वर यावा, तर गाडीने ऑइल प्यायला पाहिजे. पिळल्यावर निळसर धूर, दोन प्लगांपैकी एखादा तरी ओला-काळा, हजार किलोमीटरला ऑइल भरायची वेळ. तुम्ही म्हणता धूर नाही, ऑइलचं काहीच लिहिलं नाही. आजच काचेवर लेव्हल बघून ठेवा, गाडी सपाटीला सरळ उभी करून, आणि आठवड्याने परत बघा. लेव्हल हलली नाही तर नऊ हजार खिशातच राहू द्या.

आणि अचानक का हळूहळू, हे मी प्रत्येकाला विचारतो. हळूहळू म्हणजे झिजणाऱ्या वस्तू, क्लच, रिंगा, व्हॉल्व्ह, चेन. एखादं काम करून आणल्यावर दुसऱ्या दिवशीपासून बिघडली तर त्या कामातच दोष शोधायचा, उदाहरणार्थ टायमिंग चेन बदलताना एक दात पुढे-मागे बसला तर गाडी स्टार्ट होते, चालते, पण जीव नसतो. तुमचं हळूहळू आहे आणि मधे इंजिन उघडलेलं नाही, म्हणून टायमिंगवर मी वेळ घालवणार नाही.

तर मी तुमची गाडी तपासायला घेतली असती तर आधी आरपीएमची चक्कर, मग चाकं, मग डायफ्राम, मग दोन्ही बाजूचे स्पार्क, मग टॅपेट, आणि त्यानंतर गेज. पैजच लावायची झाली तर क्लचवर लावेन, नाहीतर टाइट टॅपेटवर.

तरीही शेवटी गेजवर आणि ऑइलच्या परीक्षेत रिंग-बोअरच निघालं, तर खर्च करा, चांगलं काम झालं की गाडी अजून बरीच वर्षं देते. फक्त अंदाजावर करू देऊ नका. ब्लॉक काढल्यावर लेथवाल्याकडून बोअरचं माप वर, मधे, खाली, आडवं आणि उभं असं घ्यायला लावा, जुनी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधला गॅप फीलर गेजने तुमच्यासमोर मोजू दे. ओव्हरसाइज टाकणार असाल तर पिस्टन आधी विकत घ्या आणि त्याच पिस्टनच्या मापाने बोअर करायला द्या, उलटं नको. हेड उघडलेलंच असेल तर व्हॉल्व्ह ग्राइंडिंग आणि व्हॉल्व्ह सील त्याच वेळी. आणि काम झाल्यावर पहिले काही शे किलोमीटर पसरणीच्या घाटात डबल सीट रेटू नका, एकाच स्पीडला धरूनही ठेवू नका, थोडी वर-खाली करत चालवा, आणि पहिलं ऑइल पाचशेच्या आसपास बदला कारण नव्या रिंगांची झीज सगळी त्यात उतरते.